चवथीआधीची मनीऑर्डर

गणेश चतुर्थी, म्हणजे आमची चवथ, जवळ आली की मालवणातल्या आमच्या वाडीत सगळ्यांचे डोळे पोस्टमनच्या वाटेला लागत. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी पोचण्याआधी त्याचे पैसे पोचायला हवेत. मूर्तिकाराचं देणं, तांदूळ-गूळ, गणपतीवरच्या माटवीचं सामान, वाण्याची उधारी, सगळं त्यावर अडलेलं. चवथीला पोस्ट बंद आणि लागून रविवार आला की दोन दिवस गेलेच.

अडचण तीन कॅलेंडरांची होती. पगार इंग्रजी महिन्याने, सुट्ट्या सरकारी यादीने आणि सण पंचांगाने. चवथ 2023 साली 19 सप्टेंबरला आली, 2025 साली 27 ऑगस्टला. ऑगस्टातली चवथ महिनाअखेरीस पडली की चाकरमान्याला उसने काढून पैसे पाठवावे लागत. त्यात हे पावसाचे दिवस. किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद, घाटात दरड कोसळली की टपालाच्या पिशव्याही अडकत.

पोस्टाकडे मनीऑर्डरचं काम आलं 1 जानेवारी 1880 रोजी. पुढे तिच्यावर कोकणातल्या कितीतरी घरांची चूल पेटली. मनीऑर्डर म्हणजे नुसता कागद, नोटा पोस्टातल्या रोकडीतूनच मोजून द्यायच्या. लहान शाखेत रोकड ठेवायला मर्यादा असे. सणाआधी ढीगभर मनीऑर्डरी आल्या की मोठ्या पोस्टातून रोकड येईपर्यंत वाटप खोळंबे.

आजी रोज विचारी, "माझी मनीऑर्डर इली काय रे?" आली की पोस्टमन ओटीवर टेकत, ओल्या छत्रीपासून दूर नोटा मोजत, साक्षीदारासमोर आजीचा अंगठा घेत. मग खालचं कूपन फाडून वाचून दाखवत. त्यावर मुंबईतल्या काकाच्या दोन ओळी असत. पैसे कनवटीला गेले तरी आजी त्या ओळी पुन्हा वाचायला लावी.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतला गिरणी संप सुरू झाला आणि कितीतरी घरांच्या मनीऑर्डरी थांबल्या. आता 16 डिसेंबर 2019 पासून बँकांचं एनईएफटी सुट्टीतही चालतं, सणाच्या दिवशीही पैसे खात्यात पडतात. हे चांगलंच झालं. पण कोकणातल्या चवथीचा इतिहास लिहिताना भजन, फुगडी आणि मोदकांच्या बरोबरीने पोस्टमनचं नाव आलं पाहिजे. त्यांच्याही घरी गणपती यायचा असे, तरी आदल्या संध्याकाळपर्यंत ते चिखल तुडवत दुसऱ्यांचे पैसे वाटत होते.