पोटातल्या नळीचा घरापर्यंतचा प्रवास

(१) आजचा विषय युद्धाचा नाही, तहाचाही नाही. तान्ह्या मुलाला नळीवाटे अन्न द्यावे लागले, तर त्या अन्नाभोवतीचे घर कसे घडत गेले, याचा हा इतिहास.

(२) १९५० च्या दशकात अमेरिकेतील रॉचेस्टर येथे जॉर्ज एंगेल आणि फ्रान्झ राइख्समन यांनी एका बालिकेचा अभ्यास आरंभला. वैद्यकीय साहित्यात ती ‘मोनिका’ या टोपणनावाने ओळखली जाते. जन्मतःच तिची अन्ननलिका जठरापर्यंत पोहोचलेली नव्हती. तोंडाने घेतलेल्या घोटाला पोटाची वाटच नव्हती. म्हणून पोटाला छिद्र पाडून सुमारे दोन वर्षे तिला नळीनेच दूध दिले गेले. त्या वेळी तिला कुशीत घेतले जात नसे; ती उताणी पडलेली असे.

(३) अभ्यास पुढे तीस वर्षे चालला. मोनिका बाहुल्यांशी खेळली, मोठी झाली, आई झाली. आपल्या मुलींना बाटलीने दूध पाजताना तिने त्यांना क्वचितच छातीशी कवटाळले. एका व्यक्तीवरून सिद्धान्त उभारू नये, हे आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात बजावले जाते. तरीही ही नोंद वाचल्यापासून माझा प्रश्न बदलला. नळी कोणी शोधली, यापेक्षा नळीने अन्न देताना मूल कोठे होते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटू लागले.

(४) शोधाची कथा थोडक्यात सांगतो. १७९० मध्ये लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी गिळता न येणाऱ्या एका रुग्णासाठी देवमाशाच्या जबड्यातील लवचीक पट्टीवर वाम माशाची कातडी चढवून नळी तयार केली. १८४९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे सेदियो यांनी पोटाला छिद्र पाडून अन्न देण्याची शस्त्रक्रिया केली. रुग्ण वाचला नाही. १८८० च्या दशकात पॅरिसमध्ये तार्निए यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रबरी नळीने दूध देण्याची पद्धत रूढ केली. येथे प्रथमच नळी मोठ्या प्रमाणावर बाळांपर्यंत आली. पण ती राहिली रुग्णालयात, परिचारिकेच्या हाती.

(५) खरे वळण १९७९ च्या जूनमध्ये, अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात आले. बालशल्यविशारद मायकेल गाउडरर यांच्या ध्यानात आले होते की अंधारलेल्या खोलीत बाळाच्या जठरातील एंडोस्कोपचा दिवा पोटाच्या कातडीतून झळकतो. दिवा दिसतो तेथे जठर कातडीच्या अगदी जवळ आहे. मग पोट उघडायचे कशाला? त्या प्रकाशबिंदूवर सुई टोचून दोरा जठरात सोडायचा, तो तोंडावाटे बाहेर ओढायचा, त्याला नळी बांधायची आणि पोटाकडून दोरा खेचून नळी जागी बसवायची. जेफ्री पॉन्स्की यांच्यासह त्यांनी हा प्रयोग प्रथम साडेचार महिन्यांच्या बालकावर केला. १९८० मध्ये तो प्रसिद्ध झाला. आज हीच पद्धत ‘पेग’ म्हणून ओळखली जाते.

(६) आता घरातील अडचण पाहा. मूल रांगू लागते आणि पोटावर लोंबणारी नळी गादीत अडकते. मूल स्वतःच ती ओढते, कधी उपसूनही काढते. छिद्र काही तासांतच आकसू लागते. १९८४ मध्ये गाउडरर यांनी कातडीच्या पातळीत बसणारे ‘बटण’ मांडले. आत झडप, बाहेर झाकण. जोडनळी केवळ अन्न देताना लावायची. माझ्या मते हा मूळ शोधाइतकाच मोठा शोध आहे, कारण तो रांगणाऱ्या मुलाला पाहून लागला.

(७) परंतु घरी जाण्यास कायद्याचीही वाट हवी होती. आयोवा राज्यातील केटी बेकेट ही मुलगी श्वासयंत्रावर होती. तिचे प्रकरण नळीपुरते नव्हते. सरकारी वैद्यकीय साहाय्य रुग्णालयात मिळे. घरी नेताच आईवडिलांचे उत्पन्न आड येई. घरची काळजी स्वस्त असूनही! नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत तिचा उल्लेख केला, डिसेंबरात ती घरी गेली, आणि १९८२ च्या कायद्याने अशा मुलांना घरी साहाय्य देण्याची मुभा राज्यांना दिली. नळीवर वाढणाऱ्या अनेक मुलांनाही त्याच दारातून घर गाठता आले.

(८) मग घराने काय शिकायचे? हात धुणे, अन्न दिल्यावर नळीत पाणी सोडणे, डोके उंच ठेवणे, जादा नळी हाताशी ठेवणे. आणि हे सारे एकट्या आईने नव्हे. आजी, बाबा, शाळेतील बाई, सर्वांनीच. एकच माणूस शिकला, तर ते माणूस घराबाहेर पाऊल टाकू शकत नाही. हा भार पुष्कळदा आईवरच पडतो, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

(९) तोंडाचेही शिक्षण असते. १९८३ मध्ये फिलाडेल्फियातील संशोधकांनी दाखवले की नळीने दूध मिळत असताना चोखणी चोखणारी अपुऱ्या दिवसांची बाळे वेगाने वजन धरतात आणि लवकर बाटलीकडे वळतात. चोखणे आणि पोट भरणे यांची सांगड तुटू नये, हे त्यामागचे तत्त्व. म्हणून आज मुलाला घरच्यांच्या जेवणाच्या पंगतीत बसवतात. डॉक्टरांनी अनुमती दिली, तर ओठांना चव लावतात.

(१०) आपल्याकडे उष्टावणाला बाळ मामाच्या मांडीवर बसते. घास इवलासा असतो, त्याने पोट भरावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. नळी असलेले बाळही त्या मांडीवर बसू शकते. एका हाताने सिरिंज उंच धरायची, दूध आपल्याच वजनाने उतरत राहते, आणि दुसरा हात बाळाभोवती मोकळा असतो.