जेरघाटाचे पाणी

सातपुड्याचे पठार उतरून नागपूरकडे निघाले म्हणजे सौंसर आणि पांढुर्णा हा मराठी मुलूख लागतो. जुन्या दप्तरांत छिंदवाडा जिल्ह्याचे दोन भाग सांगितले जात : वरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो जेरघाट. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, जेरघाट मध्य प्रदेशातच राहिला. पुढे २०२३ साली याच दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा अशा हलल्या. शेतकऱ्याची दृष्टी मात्र मृगाच्या आभाळाकडेच लागलेली राहिली.

या कोरडवाहू शेतीला स्वतःचे शहाणपण होते. कापसाच्या ओळींमध्ये तुरीची ओळ पेरावयाची, कारण तुरीचे मूळ खोल जाते आणि पाऊस लवकर परतला तरी काही पदरात पडते. उघडीप पडली की डवरा फिरवून भेगा बुजवावयाच्या, म्हणजे ओल उडून जात नाही. विमा हा शब्द ठाऊक नसतानाही हा विमाच होता.

सरकारची दृष्टी निराळी होती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर १८८३ साली दुष्काळसंहितेचा मसुदा सिद्ध झाला. पिके बुडाल्यावर कामे कोठे काढावी, अन्न कोणास द्यावे, याची ती नियमावली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांत मध्यप्रांतात तिची कसोटी लागली. तिने प्राण वाचविले, हे नाकारता येणार नाही. परंतु तिचे काम सुरू होई ते पीक गेल्यानंतर.

याच्या एक वर्ष आधी, १८८२ साली, सुखाधिकाराचा कायदा झाला. प्रथम तो ज्या थोड्या प्रांतांस लागू झाला त्यांत मध्यप्रांत होता. निश्चित प्रवाहाने न वाहणारे भूमीखालचे पाणी आपल्या हद्दीत काढून घेण्याचा हक्क जमीनमालकास आहे, असे तो सांगतो. मोट बैल ओढीत होते तोवर या हक्कास बैलांच्या दमाची मर्यादा होती. विंधन विहिरीने ती संपविली. संत्र्याच्या बागेने पुष्कळांचे कर्ज फेडले, म्हणून बागाईतदारास दोष देणे न्यायाचे नव्हे. तथापि एकाच्या बागेसाठी खोलवरून पाणी उपसले गेले, की शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर आटते. एका संरक्षक पाण्यावाचून त्याचे पीक जाते, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचे काहीच गेलेले नसते!

आता पाऊसही पूर्वीचा राहिलेला नाही. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, असे २०१७ साली शास्त्रज्ञांनी दाखविले. एका दिवसात कोसळलेले पाणी उतारावरून माती घेऊन जाते. पुढे खंड पडला की तेच शेत तहानेने करपते. म्हणून उताराला आडवी पेरणी, बांध आणि शेततळे यांची गरज आता अधिकच आहे.

पण बांध एकट्याच्या शेतात थांबतो, पाणी थांबत नाही. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन जुनी दप्तरे जिवंत आहेत. एकात गावाच्या पडीत जमिनीची व्यवस्था लिहिली जाते, दुसऱ्यात सिंचन, वहिवाट यांसारखे रूढ हक्क. आमच्या वकिलांच्या हातात ती बहुधा भांडणाच्या वेळी येतात. गावकऱ्यांनी ती पेरणीपूर्वी उघडावी, तळ्याची जागा आणि चराईचे रान मोकळे ठेवावे, विहिरींच्या खोलीविषयी आपसांत मर्यादा ठरवावी. दुष्काळ आल्यावर काय करावे, हे कायद्याने १८८३ सालीच शिकून घेतले. तो येण्यापूर्वी काय करावे, हे शिकणे अजून उरले आहे.