तळटीप : नरक्या

१. नरक्या : सह्याद्रीतील एक लहान वृक्ष. पान चुरगळले की उग्र दुर्गंधी येते. याच्यातील कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य मूळचे एका चिनी झाडातून १९६६मध्ये अमेरिकेत वेगळे केले गेले. ते काम मन्रो वॉल आणि नंदुरबारमध्ये जन्मलेले मनसुख वाणी यांचे. आपल्या नरक्यात तेच द्रव्य असल्याचे टी. आर. गोविंदाचारी व सहकाऱ्याने १९७२मध्ये दाखवले.

हे द्रव्य पेशी कसे मारते ते असे : पेशी दुभंगण्यापूर्वी डीएनएची नक्कल होते. सुंभाचे दोन पेड मधून उलगडले की पुढचा पीळ घट्ट होतो, तसेच डीएनएचे होते. टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक धागा कापते, पीळ सैल करते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापात अडकते, जोडणी खोळंबते. मागून नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन आदळते आणि दोन्ही धागे तुटतात. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या सस्तन प्राण्यांच्या पेशींमधली ही नक्कल आधीच थांबवून ठेवली, तर हेच द्रव्य फारसे मारक ठरत नाही. आघात औषधाचा एकट्याचा नसून त्या टकरीचा असतो, हे त्यावरून कळले. इरिनोटेकान व टोपोटेकान ही कर्करोगावरची औषधे याच द्रव्यापासून बनली.

मात्र झाड आणि औषध यांत मोठे अंतर आहे : नरक्याचा काढा कुणीही घेऊ नये. आणि मागणीपायी मुळासकट तोडला जाणारा हा वृक्ष रानातच राहू द्यावा. — संपादक