चाळीस एकरांचा हिशेब

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांच्या जमिनी सरकारजमा करून त्या मुक्त झालेल्या गुलामांना द्याव्यात, ही मागणी सर्वांत नेटाने लावून धरली पेन्सिल्व्हेनियाचे वकील आणि काँग्रेसचे सदस्य थॅडियस स्टीव्हन्स (१७९२–१८६८) यांनी. नंतरच्या अनेक इतिहासकारांनी त्यांना सूडाने पेटलेला म्हातारा ठरवले. मला हे निदान चुकीचे वाटते. त्या मागणीमागे रागापेक्षा वकिलीत मुरलेली एक समज होती: पायाखाली जमीन नसेल, तर कागदावरचा हक्क टिकत नाही. ही समज त्यांना फार लवकर, आणि तीही चुकीच्या बाजूला उभे राहून मिळाली असावी. १८२१ साली चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीच्या खटल्यात ते मालकाचे वकील होते. पेन्सिल्व्हेनियात सहा महिने राहिलेला गुलाम मुक्त होतो, असा कायदा होता. चॅरिटी तिथे राहिली होती, पण तुकड्यातुकड्यांनी, मध्ये खंड पडत. वेगवेगळ्या मुक्कामांचे दिवस एकत्र मोजता येणार नाहीत, ही बाजू न्यायालयाने मान्य केली आणि ती बाई मुलांसह पुन्हा गुलामीत गेली. पुढे हेच स्टीव्हन्स पळून आलेल्या गुलामांचे वकील झाले. काळ्या नागरिकांचा मताधिकार काढून घेणाऱ्या पेन्सिल्व्हेनियाच्या १८३८च्या राज्यघटनेवर सही करायला त्यांनी नकार दिला.

६ सप्टेंबर १८६५ रोजी लँकेस्टरच्या भाषणात त्यांनी मांडलेला हिशेब बारकाईने पाहण्याजोगा आहे. दोनशे एकरांहून जास्त जमीन असलेले बंडखोर जमीनदार सुमारे ७० हजार, आणि त्यांची जमीन ३९.४ कोटी एकर. मुक्त झालेले प्रौढ पुरुष सुमारे १० लाख. प्रत्येकी ४० एकर दिले तरी चार कोटी एकरच लागतात. उरलेली ३५.४ कोटी एकर जमीन दर एकरी १० डॉलरने विकायची आणि त्या पैशातून सैनिकांची पेन्शने, एकनिष्ठ नागरिकांची नुकसानभरपाई आणि युद्धाचे कर्ज फेडायचे. हे आकडे अंदाजाचे होते आणि भाव तर फारच आशावादी होता. पण दक्षिणेतल्या दहापैकी नऊ लोकांच्या जमिनीला हात लागू नये, अशी ती आखणी होती. सूड घ्यायला निघालेला माणूस दोनशे एकरांची सूट देत नाही.

त्यांचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना जून १८६३ मध्ये दक्षिणेच्या फौजेने जाळला, राग त्याचाच होता, असे कोणी म्हणेल. राग नक्कीच असणार. पण बंडखोरांची मालमत्ता जप्त करण्याच्या बाजूने ते १८६१–६२ मध्येच काँग्रेसमध्ये उभे होते, तेव्हा कारखाना शाबूत होता. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. राजद्रोह्याची मालमत्ता त्याच्या हयातीपुरतीच जप्त करता येते, असे अमेरिकेची राज्यघटना सांगते. स्टीव्हन्स यांचे उत्तर असे की, दक्षिणेने वेगळे राष्ट्र म्हणून युद्ध केले आणि ती हरली. तेव्हा तो जिंकलेला मुलूख आहे, आणि तिथे युद्धाचे नियम लागू होतात. हा युक्तिवाद वादग्रस्त होता, पण तो अचानक सुचलेला नव्हता. युद्धाच्या काळातही त्यांनी तो मांडला होता.

जमीन देणे शक्यच नव्हते, हेही खरे नाही. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या फौजेचे जनरल शर्मन यांनी दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीवर कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत जमीन राखून ठेवली होती, आणि हजारो कुटुंबे तिथे नांगर धरून उभीही राहिली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना माफी देऊन ती जमीन परत केली. १८६६च्या कायद्याने दक्षिणेतली सरकारी जमीन खुली झाली खरी, पण तीत बरीचशी निकस होती, आणि बैल-बियाण्याला पैसा नसलेले लोक ती कसणार कशी? मार्च १८६७ मध्ये स्टीव्हन्स यांनी चाळीस एकरांचे विधेयक सभागृहात मांडले. ते मंजूर झाले नाही, आणि त्याला दक्षिणेइतकाच त्यांचा स्वतःचा पक्षही जबाबदार होता. मताधिकार द्यायला तयार असलेले उत्तरेतले रिपब्लिकन जमिनीपाशी थबकले, कारण मळे कष्टकऱ्यांना वाटता येतात असे एकदा ठरले की उद्या गिरणीतला मजूरही तोच प्रश्न विचारील, ही भीती उत्तरेतली वृत्तपत्रे उघडपणे बोलून दाखवत होती. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले, तोवर मुक्त झालेले असंख्य शेतकरी जुन्याच मालकांच्या शेतात वाट्याने राबू लागले होते.