कांदेनवमी, पॅनकेक आणि पंडुम

विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की सर तत्त्वज्ञान सोडून स्वयंपाकघरात कसे शिरले. पण उपवास हा तत्त्वज्ञानाचा फार जुना विषय आहे. आणि उपवासाच्या आदल्या दिवशी माणूस काय खातो, हे मला उपवासापेक्षाही अधिक बोलकं वाटतं.

ख्रिस्ती पंचांगात ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ येतो. रविवार त्यात मोजत नाहीत, म्हणून तो सुरू होतो ईस्टरच्या ४६ दिवस आधी, राखेच्या बुधवारी. मध्ययुगीन युरोपात या काळात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणीही वर्ज्य असे. मग घरात उरलेल्या अंड्या-दुधाचं करायचं काय? मंगळवारी ते पिठात कालवायचं आणि तव्यावर घालायचं. इंग्लंडातला पॅनकेकचा मंगळवार तो हाच. रशियात मांस एक आठवडा आधीच बंद होतं, दूध-लोणी मात्र चालू असतं. म्हणून तिथं तो सबंध आठवडाच लोण्याचा, आणि पदार्थ पुन्हा धिरड्यासारखाच. म्हणजे यात गूढ काही नाही. नियम आणि फडताळ यांची सांगड घातली की सण तयार होतो.

पोर्तुगीजांबरोबर ही रीत गोव्यात आली. तिकडं कार्निव्हलला इंत्रुज म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ प्रवेश, म्हणजे उपवासकाळात प्रवेश. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत त्या सुमारास आले-बेले करतात. मैदा-अंड्याचं पातळ धिरडं, आत ओलं खोबरं आणि गूळ. युरोपाचा पॅनकेक आपल्या नारळाला येऊन मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आषाढ शुद्ध नवमी आठवा. कांदेनवमी! दोनच दिवसांनी देवशयनी एकादशी, चातुर्मास सुरू, आणि पाळणाऱ्या घरांत कांदा-लसूण-वांगी चार महिने बंद. म्हणून नवमीला कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांदेभात. पावसाळ्यात कांदा सडतोही, त्यामुळे संपवणं सोयीचंच. दोन धर्म, दोन खंड, तिथी वेगळ्या. पण गृहिणीचा हिशेब तोच.

गंमत पुढे आहे. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी उपवासाचे नियम बरेच सैल केले. सक्तीचे उपवास राहिले फक्त दोन, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. अंडी-लोणी तर त्याच्या कितीतरी आधी सुटलं होतं. तरी पॅनकेक राहिला. आपल्याकडेही चातुर्मासात कांदा सोडणारी घरं कमी झाली, भजी काही कमी झाली नाहीत. त्याग गेला, त्यागाआधीची मेजवानी उरली. कुणी याला ढोंग म्हणतं. मी म्हणणार नाही. पण काहीतरी हरवलं आहे एवढं खरं: उद्या नाही, म्हणून आज जी चव लागायची, ती उद्याही मिळणार असेल तर लागत नाही.

आणि आता आपल्या जिल्ह्याकडे येतो, कारण इथं हे सगळं उलटं आहे. भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया गावांत पंडुम असतात. मरका म्हणजे आंबा. मरका पंडुम होईपर्यंत नवा आंबा खायचा नाही. झाड समोर लगडलेलं असो. गावानं एकत्र येऊन देवांना, पूर्वजांना तो आधी द्यायचा, मग माणसांनी तोंडाला लावायचा. म्हणजे पॅनकेकवाला आधी खातो आणि मग थांबतो. माडिया आधी थांबतो आणि मग खातो. पहिल्यात आपल्या घरात जे साठलं आहे ते संपवायचं असतं. दुसऱ्यात जे अजून आपलं झालेलंच नाही, त्याची परवानगी मागायची असते. पहिला हिशेब मालकाचा, दुसरा पाहुण्याचा. (हा फरक पुस्तकात वाचून मला कळला नव्हता, इथं राहून कळला.)

शिवाय सोडायला आधी हातात असावं लागतं. आषाढ म्हणजे आपल्याकडे रोवणीचे दिवस. मागच्या हंगामाचं धान तळाला गेलेलं, नवं यायला अवकाश. मी लहान असताना आमच्याकडे रोवणीला येणाऱ्या एका बाईनं नवमीची भजी खाता खाता आईला विचारलं होतं, "बाई, तुमी चार महिने कांदा सोडता, त मंग तो आमाले द्या नं." आई आधी हसली, मग गप्प झाली, आणि उठून तिनं टोपलीभर कांदे आणून दिले. पुढच्या वर्षीपासून ती टोपली नवमीच्या आधीच बाजूला काढलेली असायची. भजी त्या मानानं थोडी कमी व्हायची, आणि आम्ही पोरं कुरकुरायचो.