डॉ. रखमाबाई : चार वर्षांचा खटला व नव्वद वर्षांचें आयुष्य

चरित्र लिहावयास बसलें असतां जेथें कागद विपुल तेथेंच लेखणी रेंगाळते, हा आम्हां दप्तरें धुंडाळणाऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. डॉ. रखमाबाईंच्या बाबतींत या संवयीनें मोठाच अन्याय घडला आहे. त्यांचा जन्म मुंबईस २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं झाला व मृत्यु २५ सप्टेंबर १९५५ रोजीं. म्हणजे आयुर्मान नव्वद वर्षें दहा महिने. त्यांपैकीं सुशिक्षितांस ठाऊक आहेत तीं बहुधा १८८४ ते १८८८ हीं वर्षें.

त्या वर्षांचा वृत्तांत थोडक्यांत असा. अकराव्या वर्षीं ज्यांच्याशीं विवाह झाला त्या दादाजी भिकाजींकडे नांदावयास जाण्याचें रखमाबाईंनीं नाकारिलें. १८८४ सालीं दादाजींनीं मुंबई हायकोर्टांत दावा लाविला. २१ सप्टेंबर १८८५ रोजीं न्या. पिन्हे यांनीं तो फेटाळिला. पुढील वर्षीं सर चार्ल्स सार्जंट व न्या. बेली यांनीं अपिलांत हा निकाल फिरविला, आणि ४ मार्च १८८७ रोजीं न्या. फॅरन यांनीं ‘नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने कैद भोगा’ असा हुकूम दिला. बाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. दोन्ही निवाडे मुंबई मालेच्या नवव्या व दहाव्या खंडांत छापलेले आहेत, आणि ‘केसरी’ची प्रतिकूल टीकाही सुलभ आहे.

येथें संग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ‘राऊत’ हें आडनांव मातेचे द्वितीय पति डॉ. सखाराम अर्जुन यांचें होय. जन्मदाते जनार्दन पांडुरंग हे होत. खटल्याच्या नांवांत नुसतें ‘रखमाबाई’ एवढेंच आहे. केवळ राऊत नांवानें शोध करणारा मूळ कागदास मुकेल.

परंतु खरें चरित्र तडजोडीनंतर सुरू होतें. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या साह्यानें १८८९ सालीं बाई विलायतेस गेल्या, लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकल्या, आणि १८९४ सालीं ब्रुसेल्सची एम. डी. पदवी मिळवून परतल्या. पुढें सुरत येथील स्त्रियांच्या दवाखान्यांत व तदनंतर राजकोटच्या जनाना रुग्णालयांत मिळून सुमारें पस्तीस वर्षें त्यांनीं वैद्यकी केली. जिला कायद्यानें एका घरांत कोंडूं पाहिलें, तिला पुढें परप्रांतांतील शेंकडों घरांच्या लेकीसुनांनीं आपल्या प्रसूतिसमयीं विश्वासानें बोलाविलें. न्यायालयानें विचारिलेल्या प्रश्नाचें उत्तर तेंच होय, असें आम्हांस वाटतें. खटला हा त्यांच्यावर आलेला प्रसंग होता. वैद्यकी ही त्यांनीं स्वतः निवडिलेली वाट होती. आम्हीं मात्र प्रसंग जपला व वाट विसरलों.

याचें कारण आमच्या संग्रहांतच आहे. सनद, महजर, निवाडा हे आम्ही रेशमी रुमालांत बांधून ठेवितों. दवाखान्याची नोंदवही, सुइणीचा दाखला, परिचारिकेचें पत्र हे रद्दींत जातात. वस्तुतः तारीख, गांव, रोग व उपचार ज्यांत ओळीनें लिहिले आहेत असें पुस्तक कोणत्याही बखरीहून अधिक विश्वसनीय मानावें लागेल.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील मित्रांस म्हणून विनंति आहे कीं, जुन्या वाड्यांतील व दवाखान्यांतील असे कागद रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं एकवार पाहावेत. १९०५ पर्यंत हा जिल्हा ‘वणी’ या नांवानें ओळखला जात असे. तेव्हां त्यापूर्वींचा कागद त्याच नांवाखालीं शोधावा. आमच्या खेड्यापाड्यांतूनही बैलगाडींतून बाळंतिणीकडे धांवणाऱ्या स्त्रिया होऊन गेल्या आहेत. त्यांच्यावर कोणीं फिर्याद केली नाहीं, एवढ्याच कारणास्तव त्यांचीं नांवें इतिहासांतून लोपावीं काय?