घाटाखालचा वायरलेस

इंदूरच्या पोलीस रेडिओ प्रशिक्षण शाळेत पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती. बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं आणि बटण सोडायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत समोरच्याचं काहीही ऐकू येत नाही. पुढे नोकरीभर मी रात्रपाळीला बसून बटण दाबत आणि सोडत आलो. निवृत्तीनंतर सतवासच्या घरी तारेचे आणि बिनतारीचे जुने कायदे वाचायला घेतले, तेव्हा तो पहिला धडा सारखा आठवत राहिला.

आधी आमच्या जागेबद्दल सांगायला हवं. देवास माळव्याच्या पठारावर आहे. सतवास आहे त्याच जिल्ह्यात, पण विंध्याच्या पायथ्याशी, नर्मदेच्या खोऱ्यात. मध्ये धनतालावचा घाट. पोलिसांच्या साध्या संचाच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की संपल्या. त्यामुळे घाटाखालच्या ठाण्याचा आवाज जिल्ह्याच्या कंट्रोल रूमपर्यंत न्यायचा तर उंचावर रिपीटर लागतो. तो ऐकतो आणि तेच पुढे बोलतो. पावसाळ्यात वीज पडून रिपीटर बंद पडला की सतवास, कन्नौद, खातेगाव हे सगळे जणू पुन्हा होळकरशाहीत जायचे.

होळकरशाहीत इथे काय होतं? हा मुलूख इंदूर राज्याच्या नेमावर जिल्ह्यात होता आणि जिल्ह्याची कचेरी कन्नौदला. माझे पणजोबा तिथे कारकून होते. निरोप नेणारा हरकारा, गावात हाळी देणारा कोटवार. नर्मदेचं पाणी चढलं की वरच्या गावचा कोटवार खालच्या गावाला सांगायचा. कोटवाराला बोलायला कुणाचा परवाना लागत नव्हता. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचा सगळा इतिहास परवान्याचा आहे.

1857 मध्ये ठिकठिकाणी तारा तोडल्या गेल्या. 1 जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. तार ज्याच्या हातात, राज्य त्याचं, हा धडा इंग्रजांनी त्या वर्षी घेतला. 1885 चा भारतीय तार कायदा वाचताना तो कलमाकलमांत दिसतो. चौथ्या कलमानं तार उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क फक्त सरकारचा. पाचव्या कलमात 'सार्वजनिक आणीबाणी' हे शब्द आहेत. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटलं, इथे पूर आणि आग असेल. प्रत्यक्षात त्या कलमात आहे तार ताब्यात घेणं, निरोप अडवणं, निरोप वाचणं. आणीबाणीत कुणाचा निरोप आधी पोचवायचा, याबद्दल तिथे चकार शब्द नाही. 1933 चा बिनतारी कायदाही त्याच वळणाचा, परवान्याशिवाय यंत्र जवळ बाळगायचं नाही. संस्थानं विलीन झाल्यावर तो आमच्यापर्यंत आला. घरातल्या साध्या रेडिओचाही परवाना असायचा. वडिलांचं ते पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे, दर वर्षी पोस्टात नेऊन नवं करून आणलेलं.

पोलिसांचं बिनतारी जाळं याच चौकटीत वाढलं. 1946 मध्ये दिल्लीत त्याच्या समन्वयाचं खातं निघालं, राज्याराज्यांत रेडिओ शाखा झाल्या. मी त्या जाळ्यातला माणूस. त्यानं किती जीव वाचवले ते मी जवळून पाहिलं आहे. पण ते पोलिसांचं जाळं होतं. रेल्वेचं वेगळं, वनखात्याचं वेगळं, धरणाचं वेगळं. प्रत्येकाची वाट निराळी आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येऊ नये अशीच बांधलेली. त्यात चूक आहे असं तेव्हा मलाही वाटत नव्हतं.

मग धाराजी झालं.

धाराजी आमच्याच जिल्ह्यात, नर्मदेच्या काठी. जवळच धावडी कुंड. तिथे धारेखाली दगड घासून गुळगुळीत होत आणि ते बाणलिंग म्हणून देशभर जात. चैत्रातल्या भूतडी अमावास्येला माळव्यातून, निमाडातून माणसं लोटायची. अंगात आलेल्यांना घेऊन यायची, रात्र काठावर आणि पात्रातल्या खडकांवर काढायची, पहाटे स्नान करून परतायची. वरच्या अंगाला खंडवा जिल्ह्यात पुनासाजवळ इंदिरा सागर धरण नुकतं भरलं होतं. एक हजार मेगावॉट वीज करणारं. आमच्या सतवासच्या दक्षिणेला पसरलेलं पाणी हे त्याचंच. जनित्रं चालली की ते पाणी खाली धाराजीकडे उतरतं.

7 एप्रिल 2005 च्या रात्री पाणी उतरलं तेव्हा पात्रात माणसं निजली होती. साठाहून अधिक गेली. मी तेव्हा रजेवर घरी होतो. मध्यरात्रीनंतर रस्त्यानं गाड्या जायला लागल्या. सकाळी बस स्टँडवर भिजलेल्या कपड्यांतली माणसं उतरली, त्यातल्या एका बाईच्या हातात फक्त एक पितळी तांब्या होता. ती तो कुणालाही धरू देत नव्हती.

पाणी सोडणाऱ्याला जत्रा ठाऊक होती का आणि जत्रा सांभाळणाऱ्याला पाणी ठाऊक होतं का, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. मला नोकरीतल्या माणसाचा प्रश्न पडला होता, तो यंत्राचा होता. समजा, त्या रात्री धरणावर कुणाला कळलं असतं, तर त्यानं बटण दाबून नदीकाठच्या शिपायाशी बोलावं अशी एक तरी वाट होती का? धरण एका जिल्ह्यात, जत्रा दुसऱ्या. आवाज आधी वर चढून मग खाली उतरणार. पाणी सरळ खाली येतं.

हे दुःख एकट्या आमचं नव्हतं, हे मला नंतर समजलं. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरनं मनोरा ढासळणार असा इशारा दिला होता. आत चढलेल्या अग्निशामकांच्या संचांवर तो आलाच नाही. त्या दिवशी 343 अग्निशामक गेले. अमेरिकेच्या काँग्रेसनं कायदा करायला 2012 उजाडलं. 22 फेब्रुवारीला सही झालेल्या त्या कायद्यानं फर्स्टनेट स्थापन झालं. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांचं मिळून एक देशव्यापी ब्रॉडबँड जाळं, त्यासाठी 20 मेगाहर्ट्झच्या लहरी राखून ठेवलेल्या आणि सात अब्ज डॉलरची तरतूद. विशेष म्हणजे हे सगळं कर आणि रोजगाराच्या एका मोठ्या कायद्याच्या पोटात मंजूर झालं.

आपल्याकडे धाराजीच्याच वर्षी, डिसेंबर 2005 मध्ये, आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. आदल्या वर्षीच्या त्सुनामीचं ते ओझं होतं. जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरणं झाली, पण लहरींचा प्रश्न तिथेच राहिला. त्यावर नीट बोट ठेवलं ते दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, जून 2018 च्या शिफारशींत. खात्याखात्यांची जाळी एकमेकांशी बोलत नाहीत, ती आवाजापुरती अरुंद आहेत, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. 800 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जायला 10 आणि यायला 10 मेगाहर्ट्झ राखून ठेवा, आधी पाच भागांत चाचणी घ्या, असं सुचवलं. आकड्यांची सवय असल्यानं मी हिशेब केला. अरुंद पट्ट्याच्या संचाची एक वाट 12.5 किलोहर्ट्झची असते. 10 मेगाहर्ट्झमध्ये तशा 800 बसतात. एवढ्या रुंद रस्त्यावरून आवाजच काय, धरणाच्या दाराचं चालतं चित्र आणि नदीचा नकाशा नदीकाठच्या शिपायाच्या हातात येऊ शकतो. देशव्यापी असं जाळं मात्र अजून उभं राहिलेलं नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये धार जिल्ह्यात कारम नदीवरचं नवं मातीचं धरण कोठिदाजवळ झिरपू लागलं. धार आणि खरगोनमधली 18 गावं रिकामी केली, सैन्य आलं, बाजूनं चर खोदून पाणी वाहून दिलं. एकही जीव गेला नाही. तिथे वेळ मिळाला, काही दिवस मिळाले. धाराजीला काही मिनिटं होती.

डिसेंबर 2023 मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला. 1885 आणि 1933 चे दोन्ही कायदे त्यानं मोडीत काढायचं ठरवलं. त्याचं विसावं कलम मी पेन्सिल घेऊन वाचलं. ताब्यात घेणं आणि निरोप अडवणं तिथेही आहे, शब्द ओळखीचे आहेत. पण त्यांच्या शेजारी एक नवी ओळ आहे. सार्वजनिक आणीबाणीत मदतीसाठी आणि सावरण्यासाठी नेमलेल्या माणसांचे निरोप प्राधान्यानं पोचतील अशी व्यवस्था सरकार करू शकतं. पहिल्या परिशिष्टात लिलावाशिवाय लहरी देण्याच्या कामांत आपत्ती व्यवस्थापन आणि जीवित-मालमत्तेचं रक्षणही घातलं आहे. विसावं कलम जून 2024 पासून लागू आहे. 138 वर्षांनी कायद्यानं बटण सोडलं, असं मला ती ओळ वाचताना वाटलं आणि डोळे भरून आले.

पेन्सिलीनं मी समासात एक प्रश्न लिहून ठेवला आहे. 'नेमलेल्या माणसांत' कोटवार येतो का? नर्मदेकाठी गावोगाव तो आजही आहे. आमच्या इथला रोज सकाळी माझ्या दारावरून जातो, सरकारी बिल्ला लावून आणि खिशात स्वतःच्या पैशांचा मोबाइल घेऊन. 2023 मध्ये दूरसंचार विभागाच्या चाचणीचा इशारा एकदम सगळ्या फोनांवर वाजला, तेव्हा तो माझ्याच ओट्यावर चहा पीत होता. दचकून त्यानं फोन पुढे केला आणि विचारलं, "बाबासाहेब, हे वाचलं, आता याला उत्तर कुठून द्यायचं?" मी पडद्यावर बटण शोधत होतो.